मायन्याचा प्रश्न आणि रुक्मिणीची पत्रिका

१

मराठी वाङ्मयेतिहासात पत्र या लेखनप्रकाराचा विचार बहुधा बखरींच्या आणि ऐतिहासिक कागदपत्रांच्या अनुषंगाने झालेला आहे. पत्र हे इतिहासाचे साधन, ही दृष्टी त्यामागे राहिली. काव्यांतर्गत पत्राकडे, विशेषतः स्त्रीने पुरुषाला लिहिलेल्या प्रणयपत्राकडे, स्वतंत्र वाङ्मयीन घटक म्हणून फारसे पाहिले गेले नाही. ज्या एका आख्यानावर मराठी कवींनी तेराव्या शतकापासून पुन्हा पुन्हा रचना केली, त्या रुक्मिणीस्वयंवराचे कथानक मात्र अशा एका पत्रावरच उभे आहे. कुंडिनपुरची राजकन्या वडील भावाने ठरवलेला विवाह नाकारते, जिला तिने पाहिलेलेही नाही अशा पुरुषाकडे द्वारकेला निरोप धाडते आणि त्या निरोपाने पुढील सर्व घटना घडतात. हे पत्र वगळले तर कृष्णाचा पराक्रम शिल्लक राहतो, पण रुक्मिणीची कथा राहत नाही.

युरोपीय मध्ययुगाच्या अभ्यासात प्रणयपत्राला मोठे स्थान आहे. तेथे पत्रलेखन ही विद्यापीठात शिकवली जाणारी कला होती. अकराव्या-बाराव्या शतकांत इटलीत तिचे शास्त्र तयार झाले. मायना, सद्भावसंपादन, निवेदन, मागणी आणि समारोप अशी पत्राची पाच अंगे त्यात सांगितली जात. बोलोन्याचा अध्यापक बोनकोम्पान्यो दा सिन्या याने १२०० च्या सुमारास ‘रोता वेनेरिस’ ही प्रेमपत्रांचीच लॅटिन पुस्तिका रचली. प्रेम सफळ होण्यापूर्वी कोणता मायना लिहावा आणि सफळ झाल्यावर कोणता, हा तिचा आरंभीचाच विषय आहे. या परंपरेच्या अखेरीस १४४४ मध्ये एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी याने व्हिएन्ना येथे ‘हिस्तोरिया दे दुओबुस आमान्तिबुस’ म्हणजे ‘दोन प्रेमिकांची कथा’ हे लॅटिन आख्यान लिहिले. त्यातील युरिआलस आणि लुक्रेशिया यांचे प्रेम मुख्यतः पत्रांमधून उलगडते. या दोन साहित्यविश्वांत देवघेवीचा संबंध दाखवण्याचा येथे हेतू नाही. एका परंपरेने स्पष्टपणे मांडलेला प्रश्न दुसऱ्या परंपरेतील मुका राहिलेला प्रश्न ऐकू येण्यास साहाय्यभूत होतो, इतकेच तुलनेचे प्रयोजन आहे. तो प्रश्न मायन्याचा आहे.

२

मायना हा पत्राचा केवळ शिष्टाचार नव्हे. लिहिणारा आणि वाचणारा यांचे परस्परांशी नाते काय, वयाने, मानाने, अधिकाराने कोण वर आणि कोण खाली, याचा निर्णय मायन्यात आधीच झालेला असतो. हा निर्णय झाल्याविना मजकुराला हात घालता येत नाही. म्हणूनच हेमाद्रीच्या नावावर परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकात किंवा गुजरातेतील ‘लेखपद्धति’ या संस्कृत संग्रहात पत्राच्या नमुन्यांना एवढे महत्त्व दिलेले दिसते. नात्यांची उतरंड पक्की असलेल्या समाजात मायना चुकणे म्हणजे ती उतरंड चुकणे होय.

परंतु काही नाती अशी असतात की त्यांना उतरंडीत जागाच नसते. अशा नात्यातले पत्र पहिल्याच शब्दाशी अडते. महाराष्ट्राच्या भूमीवरील सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, हालाच्या ‘गाथासप्तशती’त, अशा अडलेल्या पत्राचे चित्र आहे. एका गाथेतील नायिका प्रियकराला पत्र लिहावयास बसली आहे. तिची बोटे घामेजून थरथरत आहेत, लेखणी घसरते आहे, आणि आरंभीचे ‘स्वस्ति’ हे अक्षरच पुरे होत नाही. मग पत्रात लिहावे तरी काय, असे ती सखीला विचारते. गाथेतील सात्त्विक भावांचे सौंदर्य रसिकांनी वाखाणले आहे. येथे महत्त्वाचे आहे ते हे, की नायिका नेमकी मायन्यापाशी थांबली आहे. ‘स्वस्ति’ हा सार्वजनिक, औपचारिक शब्द आहे आणि तिचे शरीर त्याला साथ देत नाही.

दुसरे अडलेले पत्र मराठी परंपरेत सर्वपरिचित आहे, जरी ते प्रणयाचे नव्हे. चांगदेवाने ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास घेतले तेव्हा त्याला प्रश्न पडला, अशी कथा आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने ते थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर ते वयाने अगदीच कोवळे. अखेर त्याने कोराच कागद पाठवला आणि त्याचे उत्तर म्हणून ‘चांगदेवपासष्टी’च्या पासष्ट ओव्या अवतरल्या. कथेची ऐतिहासिकता काहीही असो, तिच्यातील संकेत अचूक आहे. नात्याचा निर्णय झाला नाही म्हणून मायना नाही आणि मायना नाही म्हणून पत्र नाही. ज्ञानेश्वरांचे उत्तर अद्वैताचे असावे हेही त्याला साजेसे आहे, कारण जेथे दोनपण नाही तेथे मायन्याची गरजच उरत नाही.

बाराव्या शतकातील फ्रान्समध्ये एलोईझने आबेलारला लिहिलेल्या पत्राचा मायना या संदर्भात पाहण्याजोगा आहे. आबेलार तिचा गुरू होता, पती होता आणि दोघांनीही मठवास पत्करल्यावर धर्मबंधूही झाला होता. ती एक नाते लिहिते, लगेच ते दुरुस्त करून दुसरे लिहिते, मग तिसरे, आणि स्वतःसाठीही तशाच जोड्या रचत जाते. गाथेतील नायिकेला एकही शब्द पुरा करता येत नाही, एलोईझला कोणताही एक शब्द पुरत नाही. अडचण एकच आहे.

३

या पार्श्वभूमीवर रुक्मिणीच्या पत्राकडे वळावे. प्रथम मुळाची चिकित्सा आवश्यक आहे. ‘विष्णुपुराणा’त कृष्ण-रुक्मिणीचे परस्परांवरील प्रेम, रुक्मीचा विरोध आणि विवाहाच्या आदल्या दिवशीचे हरण एवढाच सांगाडा आहे. ‘हरिवंशा’तही रुक्मिणीने पाठवलेल्या निरोपावर कथा बेतलेली नाही. ती ‘भागवता’ची, दशम स्कंधाच्या बावन्नाव्या अध्यायाची, निर्मिती आहे. तेथे सात श्लोकांत रुक्मिणी स्वतः बोलते. म्हणजे हरणाच्या जुन्या क्षात्रकथेत भागवतकाराने एका कन्येचा आवाज घातला आणि कथेचे केंद्र पराक्रमाकडून निवडीकडे सरकवले.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भागवताच्या संहितेत या सात श्लोकांना ‘संदेश’ म्हटले आहे. रुक्मिणीने एका विश्वासू ब्राह्मणाला पाठवले, त्याने गुह्य संदेश आणले, एवढेच मूळ सांगते. तो लिहिलेला होता असे स्पष्ट विधान तेथे नाही. लेख येतो तो भाष्यात. श्रीधरस्वामींच्या टीकेनुसार रुक्मिणीने एकांतात स्वहस्ते पत्रिका लिहून दिली आणि ब्राह्मणाने कृष्णाच्या अनुज्ञेने तिची मुद्रा फोडून ती वाचली. भागवतार्थासाठी एकनाथांनी श्रीधरांचा आधार मानला होता, हे ‘एकनाथी भागवता’च्या अभ्यासकांना ठाऊकच आहे. मराठी श्रोत्याच्या मनात रुक्मिणी ‘पत्र लिहिणारी’ म्हणून ठसली, त्यामागे संदेशाचे लेखात झालेले हे रूपांतर आहे.

हे रूपांतर किरकोळ नव्हे. निरोप सांगणारा ब्राह्मण आपल्या शब्दांत काही घालू शकतो, काही गाळू शकतो. नलदमयंतीच्या कथेतील हंस असाच बोलका दूत आहे. रघुनाथ पंडिताच्या आख्यानात त्याच्या चातुर्यालाच अधिक वाव मिळालेला आहे. लेख मात्र कर्त्रीच्या हाताशी बांधलेला असतो. मुद्रेने बंद केलेल्या पत्रात दूताचे चातुर्य संपते, लिहिणारीची जबाबदारी सुरू होते. पत्र सापडले तर नाकारता येत नाही. श्रीधरांना अभिप्रेत असो वा नसो, रुक्मिणीच्या हाती लेखणी देऊन टीकाकाराने तिच्या कृतीचे धाडस वाढवले आहे. त्याच वेळी वाचन मात्र ब्राह्मणाच्या मुखाने होते. कन्येचे अक्षर आणि वृद्धाचा कंठ अशी विभागणी झाली. ती पुढे कीर्तनातही चालू राहिली.

आता मायना. रुक्मिणीपुढील अडचण एलोईझपेक्षा बिकट आहे. तिला कृष्णाला ‘पती’ म्हणता येत नाही, कारण विवाह झालेला नाही. परपुरुष म्हणून संबोधावे, तर लिहिणेच निषिद्ध ठरते. पहिल्या श्लोकात ती त्याला भुवनसुंदर आणि अच्युत या गुणवाचक नावांनी हाक मारते आणि आपले चित्त लाज सोडून त्याच्या ठायी गेले आहे असे सांगते. नात्याचा एकही शब्द येत नाही. दुसऱ्या श्लोकात कोणती कुलीन कन्या तुला वरणार नाही, असा सर्वसाधारण प्रश्न येतो. तिसऱ्या श्लोकात मात्र ती म्हणते की, म्हणून मी तुला पती म्हणून वरले आहे आणि स्वतःला अर्पण केले आहे. नाते पत्राच्या मस्तकी नसून पोटात आहे, आणि ते तेथे सांगितले जात नाही, तेथे ते केले जाते. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने ज्यांना कृतिरूप उक्ती म्हटले, म्हणजे ज्यांच्या उच्चाराने वस्तुस्थितीचे वर्णन होत नाही, वस्तुस्थिती घडते, अशांपैकी हे वाक्य आहे. मायन्यापाशी अडलेल्या सर्व पत्रांत रुक्मिणीचे पत्र वेगळे ठरते ते यामुळे. तिने नात्याचा निर्णय समाजाकडून उसना घेतला नाही. पत्र लिहिता लिहिता तो केला.

यातून एका जुन्या शंकेचेही निरसन होते. या कथेत राजांची सभा नाही, वरमाला नाही, वराची जाहीर निवड नाही. घडते ते हरण. रुक्मिणी स्वतः राक्षसविधीने, पराक्रम हेच शुल्क देऊन, विवाह करण्यास सांगते. तरीही नरेंद्र आणि एकनाथ आपल्या काव्यांना ‘स्वयंवर’ म्हणतात. सामराजाने ‘रुक्मिणीहरण’ हे नाव घेतले ते घटनेला धरून आहे. पहिल्या दोघांचे नाव अर्थाला धरून आहे. कुंडिनपुरात स्वयंवर झाले नाही, ते पत्राच्या तिसऱ्या श्लोकात झाले.

४

पिकोलोमिनीच्या आख्यानाशी तुलना केली असता रुक्मिणीपत्राचे आणखी एक वैशिष्ट्य उठून दिसते. सिएना नगरीत सम्राट सिगिस्मुंडच्या परिवारातील युरिआलस हा जर्मन सरदार विवाहित लुक्रेशियेच्या प्रेमात पडतो. त्याचे पहिले पत्र कुंटिणीमार्फत येते. लुक्रेशिया तिला हाकलून देते, पत्र फाडते आणि ती गेल्यावर तुकडे जुळवून वाचते. युरिआलसला तिची भाषा येत नाही. आरंभी दुसऱ्यांकडून पत्रे समजून घ्यावी लागतात, मग तो स्वतः ती भाषा शिकतो. पत्रामागून पत्र जाते, नकाराची भाषा हळूहळू होकाराची होते. सम्राटाबरोबर त्याला सिएना सोडावी लागते आणि ती झुरून मरते. तो शोक करतो आणि पुढे सम्राटाने पाहून दिलेल्या उच्चकुलीन कन्येशी विवाह करतो. या कथेत पत्रे ही देवाणघेवाण आहे. प्रत्येक पत्र उत्तराची वाट पाहते आणि कृती लांबणीवर टाकते.

रुक्मिणीचे पत्र एकटे आहे. त्याला लेखी उत्तर नाही. कृष्ण ब्राह्मणाला आपल्यालाही झोप नाही असे सांगतो, रथ जोडतो आणि एका रात्रीत आनर्तातून विदर्भात येतो. उत्तर म्हणून मनुष्यच येतो. आणि तो कोठे यावा हे पत्रानेच ठरवले आहे. पाचव्या आणि सहाव्या श्लोकांत प्रणयाची भाषा जवळजवळ थांबते. उद्या विवाह आहे. सेनापतींसह गुप्तपणे ये. चैद्य आणि मागध यांची सैन्ये मोड. अंतःपुरात शिरलास तर माझ्या बांधवांना मारावे लागेल, ते टाळण्यासाठी उपाय सांगते : विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा असते आणि वधू नगराबाहेर गिरिजेच्या देवळात जाते. स्थळ, काळ, सैन्यबळ आणि आप्तांच्या जिवाची काळजी, सर्व काही येथे आहे. विवाहविधीतच विवाह मोडण्याची फट तिने शोधली आहे. वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर आणि अमरावतीचे अंबादेवीचे देऊळ ही दोन्ही स्थळे आजही आपल्याकडेच हे हरण घडल्याचे सांगतात. लोकपरंपरेने पत्रातील नेमका हाच तपशील भूगोलात उतरवून ठेवला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

५

असे पत्र धर्मपरंपरेने कसे पचवले, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. महानुभाव पंथात या आख्यानाला आरंभापासून मान होता. मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिचे ‘धवळे’ याच विवाहावर आहेत आणि ते ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात रचले गेले. १२९२ मधील नरेंद्राच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त विरहावस्थेचे वर्णन हा काव्याचा कळस मानला जातो. रामदेवराव यादवाने हे काव्य आपल्या नावावर करून मागितले आणि कवीने ते नाकारले, ही पंथीय आठवण प्रसिद्धच आहे. शृंगाराविषयीचा संकोच मात्र पंथात लवकरच प्रकट झाला. भास्करभट्ट बोरीकरांचे ‘शिशुपालवध’ वाचून ग्रंथ उत्तम, पण निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय मिळाला आणि त्यावर त्यांनी ‘उद्धवगीता’ रचली, असे परंपरा सांगते. पिकोलोमिनीची कथा याहून फार वेगळी नाही. तो १४५८ मध्ये दुसरा पायस या नावाने पोप झाला आणि १४६३ च्या धर्मपत्रात त्याने एनेआला टाकून पायसला स्वीकारण्याचे आवाहन केले. कथा मात्र मुद्रणाच्या पहिल्याच पिढीत पुन्हा पुन्हा छापली गेली. लेखकाने परत घेतलेले पुस्तक वाचक परत देत नाहीत.

एकनाथांनी वेगळी वाट काढली. शके १४९३ म्हणजे इ. स. १५७१ मध्ये वाराणसीत पूर्ण झालेल्या त्यांच्या अठरा प्रसंगांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त शृंगार टाकलेला नाही, त्याला जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक दिले आहे. हे रूपक कवीने बाहेरून लादले असे म्हणणे न्याय्य होणार नाही. भागवतातील पत्र कानांनी गुण ऐकण्यापासून सुरू होते आणि आत्मार्पणापर्यंत जाते. नवविधा भक्तीची पहिली पायरी श्रवण आणि शेवटची आत्मनिवेदन, हा क्रम तेथे बीजरूपाने आहेच. नाथांनी ते बीज ओळखले. त्याच काव्यात मराठी लग्नघरातील रुसवे, मानपान आणि पंक्ती यांचे जे जिवंत चित्रण येते, त्यामुळे रूपक हवेत तरंगत नाही.

तथापि रूपकाची मर्यादा येथेच दिसते. जीवाने शिवाला शरण जावे हे समजते. परंतु जीवाने शिवाला किती सैन्य आणावे, कोणत्या वाटेने यावे आणि कोणाला मारू नये, हे सांगावे, याची संगती शरणागतीच्या चौकटीत सहजासहजी लागत नाही. या दोन श्लोकांत रुक्मिणी भक्त असूनही योजना आखणारी, निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून उरते. मराठी समीक्षेने रूपकाची फोड करण्यात आणि समाजचित्रणाचे कौतुक करण्यात जेवढा साक्षेप दाखवला, तेवढा या उरलेल्या भागाकडे दाखवला नाही. आख्यानकाव्य ही संज्ञाही त्याला काही अंशी कारण झाली असावी. कथा ठाऊक आहे असे गृहीत धरून समीक्षक वर्णनाकडे वळतो, तेव्हा कथेतील कृती सर्वांत आधी नजरेआड होते.

या पचवण्याचा शेवटचा टप्पा विधीचा आहे. नाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण केल्याने चांगला वर मिळतो, अशी श्रद्धा महाराष्ट्रात रूढ आहे आणि उपवर मुली ते करीत आल्या आहेत. घरच्यांनी ठरवलेला वर नाकारणाऱ्या कन्येचे पत्र, घरच्यांनी वर ठरवावा म्हणून वाचले जाते. ही केवळ विसंगती म्हणून हसून सोडण्याची बाब नाही. बंडाचे मंत्रात रूपांतर झाले की बंड निष्प्रभ होते, हा एक निष्कर्ष संभवतो आणि सामाजिक इतिहासात त्याला पुरावेही सापडतील. पण संहितेच्या बाजूने पाहता दुसरीही एक गोष्ट घडलेली दिसते. टीकेत पत्रिका ब्राह्मणाने वाचली, कीर्तनात हरिदासाने वाचली. पारायणात ती प्रथमच मुलीच्या मुखात परत आली. जो मायना कुणी शिकवत नाही, तो ती निदान वाचून जाते. पोथी समोर ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना अभिप्रेत असलेला अर्थ आणि तिसऱ्या श्लोकात घडलेली निवड, ही दोन्ही त्या वाचनात एकत्र असतात, आणि त्यांतले कोणते तिच्या मनात राहिले याची नोंद कोणत्याही कागदपत्रात मिळत नाही.

क्लेअरव्होच्या मठात पंधराव्या शतकात योहान्नेस दे वेप्रिया या भिक्षूने दोन अनाम प्रेमिकांच्या लॅटिन पत्रांतील उतारे उतरून घेतले. शैलीचे नमुने जपणे हा त्याचा उद्देश दिसतो, कारण घटनांचा तपशील त्याने बऱ्याच ठिकाणी गाळला आहे. १९७४ मध्ये ती पत्रे प्रकाशित झाली आणि १९९९ मध्ये ती आबेलार-एलोईझचीच असल्याचा पक्ष मांडला गेला. तो वाद मिटलेला नाही. नक्कल करणाऱ्याने जे शैली म्हणून जपले, त्यात अभ्यासकांना व्यक्ती दिसल्या. मराठी परंपरेने रुक्मिणीची पत्रिका उपदेश म्हणून आणि विधी म्हणून जपली. जपणूक झाली हे परंपरेचे ऋण मान्य करूनच, त्या पत्रिकेतील लिहिणारीला वाचण्याचे काम आता समीक्षेचे आहे.